जुन्या मोटारीचा श्वास



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय येऊन जातात. आजच्या फलकावर मात्र जुन्या मोटारीचा कार्बोरेटर हा विषय लिहिलेला पाहून काहींना हसू आले असेल. त्यातून बोलणार कोण, तर कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता! वर्गणी, वाटाघाटी आणि संप सोडून या गृहस्थाला हे काय सुचले, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर आरंभीच देतो. गॅरेजमध्ये राबणारा मिस्त्री हाही कामगारच आहे. त्याच्या हातात कोणती विद्या आहे हे समजल्याशिवाय त्या हाताला काय दाम मिळावा, याची चर्चा करता येत नाही. आम्ही कॉलेजात गेलो नाही; जे काही शिकलो ते कारखान्यात, वाचनालयात आणि अशा मिस्त्री लोकांच्या शेजारी बसून. तेव्हा आज आपण सारे मिळून एका मिस्त्रीच्या बाकड्यापाशी जाऊन बसू.

प्रथम कार्बोरेटर म्हणजे काय ते पाहू. पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. वास्तविक जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल याहून फार जास्त झाले तर इंजिन काळा धूर ओकते, प्लग काजळतात. फार कमी झाले तर इंजिन तापते, आचके देते. गाडी उभ्या उभ्या चालू असो, घाट चढत असो की सपाट रस्त्यावर धावत असो, दर क्षणी हे प्रमाण सांभाळायचे, हे कार्बोरेटरचे काम. त्याची युक्ती साधी आहे. डास मारायचा हातपंप आपण पाहिलेला आहे. नळीच्या तोंडावरून हवा जोराने गेली की नळीतले औषध वर खेचले जाते आणि त्याचा फवारा उडतो. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, आणि गळ्यातल्या बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर येते. ना वीज, ना संगणक. गाडीचा श्वास म्हणतात तो हाच.

आता यात दोन घराणी आहेत. एका घराण्यात गळ्याचे माप कायमचे ठरलेले असते. सोलेक्स आणि झेनिथ ही त्या घराण्यातली नावे. गळा बदलत नसल्यामुळे मंद चालीसाठी एक जेट, धावण्यासाठी दुसरा, ॲक्सिलरेटर एकदम दाबला तर जादा पेट्रोल देणारा छोटा पंप, असा सगळा संसार तिथे मांडावा लागतो. दुसऱ्या घराण्यात गळाच गरजेप्रमाणे लहानमोठा होतो. त्या घराण्याचा नामांकित प्रतिनिधी म्हणजे इंग्लंडचा एसयू.

एसयू म्हणजे काय, तर स्किनर्स युनियन! आमच्यासारख्याचे कान ‘युनियन’ शब्द ऐकून टवकारले तर नवल नाही. पण ही युनियन कामगारांची नव्हे, दोघा भावांची. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हा लिली अँड स्किनर या प्रसिद्ध पादत्राण-व्यवसायाच्या घरातला मुलगा. १९०४-०५ च्या सुमारास त्याने हा कार्बोरेटर योजिला आणि १९१० साली भाऊ कार्ल याच्यासह कंपनी काढली. घरचा धंदा चामड्याचा, म्हणून की काय, पहिल्या एसयूमध्ये हवेच्या ओढीने वरखाली होणारा भाताही चामड्याचाच होता. पुढे त्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. १९२६ साली विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी विकत घेतली, आणि मॉरिस व एमजी गाड्यांच्या किती तरी पिढ्या या यंत्रावर धावल्या.

या यंत्राची रचना नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढची सारी दुरुस्ती तीवरच उभी आहे. घुमटासारखे एक झाकण. त्यात वरखाली होणारा पिस्टन. पिस्टनच्या पोटाला खाली निमुळती होत गेलेली एक सुई. आणि ती सुई ज्यात उतरते तो जेट. इंजिनाने जास्त हवा मागितली की पिस्टन वर उचलला जातो, हवेची वाट मोठी होते. सुईही वर येते, तिचा बारीक भाग जेटच्या तोंडाशी येतो आणि पेट्रोलची वाटही तेवढीच मोठी होते. हवा आणि पेट्रोल यांची भागीदारी एकाच हालचालीने सांभाळली जाते. बहुतेक एसयूंच्या डोक्यावर तेलात बुडालेला एक डॅम्पर असतो. तो पिस्टनला एकदम उसळू देत नाही, आणि त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर थोडे जास्त पेट्रोल मिळते. दुसऱ्या घराण्यात ज्या कामाला वेगळा पंप लागतो, ते इथे चमचाभर तेल करते.

आता निवडीचा प्रश्न. उदाहरणासाठी १९४८ ची मॉरिस मायनर घेऊ. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही छोटी गाडी आपल्या देशातही ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आली होती. तिचे इंजिन ९१८ सीसीचे आणि त्यावर एसयूचा एच-१ कार्बोरेटर. या आकड्यातही अर्थ आहे. एसयूच्या नावातला आकडा म्हणजे एक इंचाच्या वर किती अष्टमांश, ते. एच-१ म्हणजे सव्वा इंचाहून एक अष्टमांश कमी, अर्थात एक पूर्णांक एक अष्टमांश इंची गळा. एच-२ म्हणजे सव्वा इंच. एच-४ म्हणजे दीड इंच. १२५० सीसीच्या एमजी टीसीवर सव्वा इंची दोन असत. १७९८ सीसीच्या एमजीबीवर दीड इंची दोन.

हे आकडे एवढ्यासाठी सांगितले की, पुष्कळ मालकांची समजूत अशी असते की मोठा कार्बोरेटर बसवला म्हणजे गाडी जोरात पळेल. लहान मुलाला बापाचा सदरा घातला म्हणून त्याची छाती रुंद होत नाही. इंजिन ओढते तेवढीच हवा ओढणार. गळा उगाच मोठा असला तर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचा फवारा नीट उडत नाही आणि कमी वेगात गाडी अडखळते. गळा फार लहान असला तर चढावर दम लागतो. तेव्हा पहिला नियम हा की, इंजिनाचा आकार आणि गाडीचा खरा उपयोग यांवरून माप ठरवावे. मालकाची हौस हे काही माप नव्हे.

दुसरा नियम असा की, गाडीबरोबर कारखान्यातून आलेला कार्बोरेटर दुरुस्त होण्याजोगा असेल, तर तोच ठेवावा. केवळ भावनेपोटी आम्ही हे म्हणत नाही. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवायचा म्हणजे मधली प्लेट बनवा, थ्रॉटलचा दांडा वाकवा, चोकची केबल जुळवा; आणि एवढे करूनही आतले जेट त्या दुसऱ्या इंजिनासाठी कापलेले असतात. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. या नियमाचा रोखही मूळ स्वरूपावरच आहे. आणि एसयूच्या बाबतीत सुटे भाग मिळत नाहीत ही सबबही चालत नाही. इंग्लंडात सॉल्झबरी येथे ते आजही तयार होतात.

ज्यावर कार्बोरेटर टाकून द्यावा असे दोष दोनच. अंगाला आरपार तडा गेलेला, किंवा मुख्य भागच हरवलेला. बाकी सारे हाताने सुधारता येते. ते कसे, हे आता पाहू.

शहाणा मिस्त्री कार्बोरेटरला लगेच हात लावत नाही. आधी प्लग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट आणि कॉम्प्रेशन तपासतो. कार्बोरेटरच्या माथी मारलेले कितीतरी गुन्हे विजेच्या बाजूने घडलेले असतात. तिकडे सर्व ठीक असेल तर मग बॅटरीची तार सोडायची, विडी-सिगारेट बाहेर ठेवायची, आणि पाना हातात घ्यायचा.

उकलताना घुमट आणि पिस्टन यांची जोडी खुणेने बांधून ठेवावी. हे दोन भाग एकमेकांसाठी बेतलेले असतात. एका कार्बोरेटरचा घुमट दुसऱ्याच्या पिस्टनवर घालणे म्हणजे एका कुलपाला दुसऱ्याची किल्ली लावणे. दोहोंमधली फट इतकी सूक्ष्म असते की तिथे पॉलिश पेपर फिरवला तर जोडी कायमची बिघडते. नुसत्या द्रावणाने धुवावे, मऊ फडक्याने पुसावे. पिस्टनच्या कडेला तेलही लावू नये. तेल फक्त मधल्या दांड्याला.

मग थ्रॉटलचा स्पिंडल पाहावा. वर्षानुवर्षे फिरून स्पिंडल आणि त्याची भोके झिजतात. त्या फटीतून चोरटी हवा आत शिरते. गाडी उभ्या उभ्या एका चालीत राहत नाही, आणि मालक बिचारा स्क्रू पिळत बसतो. यावर उपाय एकच. भोक रीमरने सरळ वाढवायचे, पितळी बुश बसवायचे आणि नवा स्पिंडल घालायचा. हे काम लेथवरच्या चांगल्या कारागिराचे आहे. भोक केसभर तिरके गेले तर झडप मिटत नाही. झडपेच्या स्क्रूंची टोके फाकवायला विसरू नये. सुटलेला स्क्रू थेट इंजिनाच्या पोटात जातो.

फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे जागा दाखवतात. आतले पेट्रोल पूर्ण काढून टाकल्यावरच कथिलाचा हलका डाग द्यावा. वाफ शिल्लक असताना आच लावली तर स्फोट होतो. फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी चढते, आणि पातळी चुकली की वरचे सारे हिशेब चुकतात. पातळीचे हे महत्त्व एका महायुद्धाने शिकवले आहे. १९४० साली ब्रिटिश स्पिटफायर विमान एकदम खाली झेपावले की त्याचे इंजिन क्षणभर गुदमरे, कारण त्यावरच्या एसयू कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल वर उसळे. जर्मन विमानांत पेट्रोल थेट आत फवारले जाई, त्यांना ही अडचण नव्हती. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिअॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये यावर तोडगा काढला. तो होता मधोमध भोक असलेला, वायसरासारखा पितळेचा एक लहानसा तुकडा. पेट्रोलचा लोंढा अडवण्याचे काम त्याने केले. विमान तेच, इंजिन तेच. फरक एका तुकड्याचा आणि तो कुठे बसवायचा हे जाणणाऱ्या डोक्याचा.

आता जेट आणि सुई. स्टोव्हच्या बर्नरमध्ये पिन घालतो तशी तार जेटमध्ये कधीही घालू नये; छिद्र खरवडले जाते. सुई जेटच्या एका बाजूला घासत राहिली असेल तर गोल छिद्र लांबट होते आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. असा जेट आणि अशी सुई दोन्ही बदलावीत. नवी सुई तिच्यावरचे अक्षर पाहूनच घ्यावी, कारण सुयांचे निमुळतेपण शेकडो प्रकारचे आहे. स्वस्त किटमधली कोणतीही सुई चालते, हे दुकानदाराचे मत आहे.

आणि मग येते ते काम ज्यात मिस्त्रीची परीक्षा होते. जेट बरोबर मध्यावर आणणे. जेटचा नट सैल ठेवायचा, जेट वर सरकवायचा, पिस्टन बोटाने उचलायचा आणि सोडायचा. सुई कुठेही न घासता पिस्टन खाली आला तर ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. आवाज बोथट आला तर जेट किंचित सरकवायचा आणि पुन्हा सोडायचा. नट आवळला की जेट पुन्हा हलतो; पुन्हा आरंभ. कधी हे दहा मिनिटांत जमते, कधी अर्धा दिवस जातो. शेवटी इंजिन चालू करून पिस्टन अगदी थोडा, मिलिमीटरहूनही कमी, उचलून पाहायचा. चाल वाढून तशीच राहिली तर पेट्रोल जास्त. इंजिन बंद पडू लागले तर कमी. क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर बरोबर.

या जुन्या विद्येपुढे आज एक नवी अडचण उभी आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. आपल्या महाराष्ट्रातले साखर कारखाने हे इथेनॉल तयार करणाऱ्यांत आहेत, तेव्हा त्याच्या नावाने बोटे मोडण्याचे कारण नाही. पण १९४८ ची गाडी हे इंधन ध्यानात घेऊन बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, पाणी शोषून घेते, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर आतला धातू गंजू लागतो. शिवाय अशा मिश्रणाला हवा कमी पुरते, १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या मापाने लावलेली गाडी पेट्रोलच्या बाबतीत उपाशी राहते. म्हणून पुनर्बांधणी करताना नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारी घालावीत. एच-१ च्या जेटभोवती मूळचे कॉर्क असते. त्याच्या जागीही असेच सील बसवावे. मिश्रणासाठी मात्र एसयूमध्ये सोय आधीच आहे. जेटचा खालचा नट थोडा फिरवून जेट खाली घ्यायचा. तेवढ्याने न भागल्यास थोडी बारीक सुई घालायची. शंभर वर्षांपूर्वीची रचना आजच्या इंधनाशी जमवून घेते, ती ज्याला समजली आहे अशा माणसाच्या हातून.

आणि इथेच आमचा मूळ मुद्दा येतो. असा माणूस किती दिवस मिळणार? नव्या मोटारींतून कार्बोरेटर केव्हाच गेला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ हद्दपार झाला. धूर कमी झाला, हे चांगलेच झाले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण गॅरेजात येणारा मुलगा आता ही विद्या शिकणार कोणत्या यंत्रावर, आणि शिकून त्याचे पोट भरणार आहे का?

आमच्या संघटनेचे सभासद असलेल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे एक मॉरिस मायनर आली होती. कोणी तरी तिच्यावर भलत्याच गाडीचा कार्बोरेटर ठोकून दिला होता. मूळचा एसयू गोणपाटात गुंडाळून डिकीत पडलेला. मिस्त्रींनी तो उकलला, बुश घातले, फ्लोट झाळला, जेट मध्यावर आणला. गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. बिल पाहून मालक म्हणाले, “मिस्त्री, सुई, जेट आणि पॅकिंग, एवढेसे तर सामान! मग मजुरी एवढी कशाची?” मिस्त्री म्हणाले, “साहेब, सामान दुकानात मिळते. तो टक् आवाज दुकानात मिळत नाही.”

मालक वाईट नव्हते. रंगाला आणि क्रोमला त्यांनी याच्या कितीतरी पट पैसे हसत दिले होते, कारण रंग डोळ्यांना दिसतो. आम्ही मिस्त्रींना एवढेच सुचवले की, कोणत्या कामाला किती तास गेले ते कागदावर लिहून द्या. मालकांनी तो कागद दोनदा वाचला आणि पैसे दिले. पुढची गाडी आणली तेव्हा आधी तासाचा दर विचारला. आम्हाला हेच हवे होते. दर आधी ठरावा, तास लिहिले जावेत, आणि मजुरी सामानाच्या किमतीवर न बेतता कामावर बेतावी.

त्या कागदाचा आणखी एक उपयोग झाला. कोणती सुई घातली, जेट किती खाली घेतला, फ्लोटची पातळी किती ठेवली, हे सारे त्यावर उतरले. आजवर ही विद्या उस्तादाच्या बोटांत राहिली आणि उस्तादाबरोबर गेली. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे. ज्याला येत नाही त्याने शेजारच्या मुलाला सांगून लिहून घ्यावे. वाचनालयातल्या पुस्तकांनी आमच्यासारख्यांना घडवले. गॅरेजच्या वहीने उद्याचा एखादा मिस्त्री घडेल.

शेवटची गोष्ट आरोग्याची, आणि ती कळकळीची आहे. आपल्याकडे टाकीतले पेट्रोल नळीने तोंडावाटे ओढायची आणि जेट ओठांत धरून फुंकायची रीत आहे. बहुधा हे काम गॅरेजातल्या सर्वांत लहान पोराकडे येते. पेट्रोलचा घोट चुकून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. त्यातले बेन्झीन कर्करोगाला कारण होते. आपल्या पेट्रोलात २००० सालापर्यंत शिसेही असे, आणि आज साठी-सत्तरीला आलेल्या मिस्त्री लोकांनी उमेदीच्या वर्षांत तेच हाताळले. हातपंप फार महाग नसतो. हवेचा कॉम्प्रेसर बहुतेक गॅरेजात असतोच. हातमोजे आणि उघडी खिडकी यांनाही भांडवल लागत नाही. तोंडाने पेट्रोल ओढायला लावणाऱ्या गॅरेजात आपली गाडी देणार नाही, असे गिऱ्हाइकांनी ठरवले तर जे काम आम्हाला निवेदने देऊन साधत नाही ते महिन्याभरात साधेल.

सभागृहात जुन्या गाड्यांचे मालक थोडेच असतील. पण घड्याळ, शिवणयंत्र, पंप, हार्मोनियम, असे काही ना काही दुरुस्तीला आपण सर्वच टाकतो. तिथे बिल हातात आले की सामानाची बेरीज करून उरलेल्या रकमेवर घासाघीस करायची आपली जुनी सवय आहे. पुढच्या वेळी ती उरलेली रक्कम कशाची आहे, हे एकदा त्या माणसालाच विचारा. तो सांगेल, आणि बहुधा पाच मिनिटांत काही तरी शिकवूनही जाईल.